टायपिस्टकडे कान

उलटतपासणी कशी घ्यावी, हे नव्या वकिलांना सांगायला हल्ली मला बोलावतात. प्रश्न आखूड ठेवा, ‘का’ विचारू नका, वगैरे मी ऐटीत सांगतो. माझी स्वतःची चूक मात्र अजून एकदाही सांगितलेली नाही.

त्या वर्षी मी बंगळुरात राजाजीनगरच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहत होतो. वडील सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले आणि आईला घेऊन पुण्याला परत गेले. घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही. उलटतपासणीचे प्रश्न मी भिंतीला विचारायचो. भिंत कायम माझ्याच बाजूनं साक्ष द्यायची.

तेव्हा एक शिंपी माझा अशील होता. दुकान फोडल्याचा आरोप होता त्याच्यावर. त्याची थोरली बहीण दर तारखेला मागच्या बाकावर बसायची. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मराठी घर त्यांचं. ती मला अण्णा म्हणायची, मी तिला अक्का. सगळा खटला एका शेजारच्या दुकानदारावर उभा होता. त्यानं म्हणे शिंप्याला पळताना पाहिलं होतं.

मी आखूड प्रश्न विचारला. दुकानदार कन्नडमध्ये चक्क बोलून गेला, “तोंड दिसलंच नाही. नाव पोलिसांनी सांगितलं.”

मी मागं वळलो. माझी कामगिरी कुणी पाहिली का, एवढंच मला बघायचं होतं. अक्का हसली. मीही हसलो. फार दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे बघून हसलं होतं, आणि मला ते सोडवेना.

आमच्या कोर्टात साक्षीदार कन्नडमध्ये बोलतो, न्यायाधीश ते इंग्रजीत टायपिस्टला सांगतात आणि टाइप होईल तीच साक्ष. बाकी बोलाचीच कढी. माझ्या सीनियरनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, “उत्तर आलं की टायपिस्टकडे कान ठेव.” मी हसत होतो तेवढ्यात टाइप झालं: अंधारामुळे चेहरा स्पष्ट दिसला नाही. पोलिसांचं वाक्य गळलं.

साक्षीची नक्कल हातात आल्यावर मी दुरुस्तीचा अर्ज केला.

“त्याच वेळी का उठला नाहीत?” न्यायाधीशांनी विचारलं.

अर्ज फेटाळला गेला. निकालात लिहिलं होतं, स्पष्ट दिसला नाही म्हणजे दिसलाच नाही असं नव्हे. शिंप्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

बाहेर व्हरांड्यात अक्कानं मला गाठलं. “मी ऐकलंय अण्णा, तोंड दिसलं नाही म्हणाला तो. जज्जसाहेब पण ऐकले. मग कागदात का नाही?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण म्हटलं, “काय टाइप होतंय ते मी ऐकायला हवं होतं, अक्का. मी तुमच्याकडे बघत होतो.”

“सरी,” म्हणजे ठीक आहे, एवढंच ती कन्नडमध्ये म्हणाली आणि भावाला पोलीस घेऊन चालले होते तिकडे धावली.

अपिलाला तिनं दुसरा वकील केला. कागद न्यायला स्वतः आली, एकेक पान तपासून घेतलं आणि माझ्याकडे न बघता गेली.