डाव्या चाकाची नळी

"स्टिअरिंगला काही झालेलं नाही. तुझा हातच वाकडा आहे," मिस्त्री म्हणाले.

"पंचवीस वर्षं सरळ चालवतोय, भाऊजी!" मेहुण्याने ताट बाजूला सारलं. "तुम्ही नवे ब्रेक बसवले आणि ट्रक डावीकडे पळायला लागला. सकाळी न्हाव्याच्या दुकानात घुसणार होतो. एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळालं! आज नीट झाला नाही तर उद्या दुसऱ्या गॅरेजात नेतो."

सख्खा मेहुणा दुसऱ्या गॅरेजात! इंजिनाचा आवाज ऐकून ड्रायव्हरचं घरी भांडण झालंय की नाही, हे सांगणारे म्हणून मिस्त्री ओळखले जात. त्यात वर्षभर डोळे दगा देत होते. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. बोल्ट चाचपून काढायचे, पेपर हातभर लांब धरायचा आणि छपाईला शिव्या घालायच्या, असं निभावत होते. कळलं तर हातातला पाना जाईल, एवढीच त्यांना धास्ती.

आठवडाभरात त्यांनी स्टिअरिंग दोनदा खोललं, सुतळी लावून चाकं सरळ केली, टायर अदलाबदल केले. ब्रेककडे मात्र ढुंकून पाहिलं नाही. स्वतःच्या पोरात आणि स्वतःच्या कामात खोट कोणाला दिसते?

लेक गॅरेजात त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. ती उष्ट्या हाताने उठली आणि दाराशी उभ्या ट्रकच्या चाकांना डावा हात लावून आली.

"बाबा, उजवं चाक कोमट आहे. डावं तव्यासारखं तापलंय."

"ऊन असेल तिकडे."

"ट्रक सावलीत आहे."

झालं, सगळी वरात अंगणात. लेकीने जॅक लावून डावं चाक उचललं आणि मामाला ब्रेक दाबून सोडायला सांगितलं. चाक जागचं हलेना. मग तिने ब्रेकवरचा छोटा नट सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक गरगर फिरलं.

"तेल आत जातंय, परत येत नाही. नळी चोंदलीय." तिने रबरी नळी काढून चिरली. आतून ती सुजून बंद झाली होती.

"अगंबाई, ही तर माझी!" दारातून मिस्त्रींची बायको ओरडली.

तिच्या घरात दात घासायचा ब्रशसुद्धा तीन नोकऱ्या केल्याशिवाय मरत नसे. ट्रकची काढलेली जुनी नळी तिने भंगारातून उचलली, साबणाने धुतली, केसांचं तेल आतबाहेर चोळून चमकवली आणि फडताळात नव्या नळ्यांशेजारी ठेवली. चांगली होती की!

"ताई, माझ्या ब्रेकला केसांचं तेल? रबर फुगतं त्याने!"

"तुझ्या डोक्याला लावून काय उगवलं? म्हटलं, इथे तरी कामी येईल." मग ती नवऱ्याकडे वळली. "चूक माझीच हो. तुम्ही काय करणार?"

मिस्त्रींना आयतं निसटायला मिळालं होतं. त्यांनी घसा खाकरलाही. तेवढ्यात लेक म्हणाली, "पण नव्या नळीवर पांढरी अक्षरं असतात ना, बाबा. बघा, उजवीकडच्या नळीवर आहेत. ह्या जुन्या नळीवरची केव्हाच पुसलीत."

मिस्त्री उजव्या चाकाशी वाकले. नाक नळीला टेकलं.

"कुठायत अक्षरं?"

अक्षरं त्यांच्या नाकासमोरच होती.

मिस्त्री उठले, हात धुतले आणि पुन्हा ताटावर जाऊन बसले. मागोमाग सगळे आत आले.

"उद्यापासून ब्रेक आणि स्टिअरिंग ही बघेल," लेकीकडे बोट दाखवून ते बायकोला म्हणाले. "मी पंक्चर काढीन. भाजी गरम करून आण."