जिन्यातली पाठमोरी बाई

चित्रातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. डोंबिवलीत वाढलेल्या बाईने असं कबूल करणं म्हणजे धाडसच. आमच्याकडे गाण्यातलं, नाटकातलं, चित्रातलं सगळ्यांना सगळं कळतं, निदान तसा चेहरा तरी करता येतो. मला तोही जमत नाही. मुलीने एकदा ठाण्याला एका प्रदर्शनाला नेलं होतं. ती एकेका चित्रासमोर मान तिरकी करून उभी राहायची आणि मी त्याखालच्या पट्टीत छपाईच्या चुका शोधायचे. दोन सापडल्या. परत येताना ती रिक्षात माझ्याशी बोलली नाही.

यात माझा दोष नाही, माझं कामच ते आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी औषधांची खोकी तपासते. खोक्यावर जे छापायचं त्याचा नमुना आधी माझ्या टेबलावर येतो, मी भिंग घेऊन बसते आणि मुंगीएवढ्या अक्षरांतली चूक बाहेर काढते. ऑफिसात सगळे म्हणतात, हिच्या नजरेतून काही सुटत नाही. ही गोष्ट पुढे माझ्याच अंगाशी येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

तर, कळत नसलं तरी एक चित्र माझं होतं. आमच्या ऑफिसच्या पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांमध्ये जिना वळतो, तिथे पाण्याच्या कूलरशेजारी ते टांगलेलं होतं. कुणी काढलं, कुणी लावलं, कुणालाच माहीत नव्हतं. कोपऱ्यात सही होती, पण ती मलाही वाचता आली नाही. जलरंगातलं, काचेखालचं, फारसं मोठं नाही. पाण्याने भरलेली चौकोनी खाचरं, मधून जाणारे बांध, बांधांवर पांढऱ्या राशी आणि एका बांधावर उभी असलेली एक बाई, आपल्याकडे पाठ करून. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात लांब दांड्याचं काहीतरी. ती काहीच करत नव्हती. नुसती उभी होती.

मी रोज जेवणानंतर बाटली भरायला जायचे आणि दोन मिनिटं तिच्यासमोर थांबायचे. अकरा वर्षं. माझा दिवस पहाटे ठाकुर्लीला सुरू होतो. सासऱ्यांचा चहा, चार डबे, मुलीची शोधाशोध, नवऱ्याची शोधाशोध, मग ऑफिस, मग पुन्हा तेच उलट्या क्रमाने. त्यात मला कुणी काही विचारत नाही अशी ती दोनच मिनिटं होती. स्वयंपाकघरात मी एकदा अशीच कमरेवर हात ठेवून ओट्यापाशी उभी राहिले होते, तर मुलीने विचारलं, आई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. मग नवरा आला, काय झालं? मग सासरे. शेवटी मी कोथिंबीर निवडायला घेतली तेव्हा कुठे सगळ्यांना हायसं वाटलं. त्या चित्रातल्या बाईला मात्र कुणी काही विचारत नव्हतं. मला तिचा हेवा वाटायचा आणि खूप प्रेमही वाटायचं. तिची पाठ बघून मला वाटायचं की ही मीच आहे, फक्त मला कुणीतरी निवांत सोडलंय.

मागच्या उन्हाळ्यात कंपनीने ऑफिस भिवंडीच्या बाजूला हलवायचं ठरवलं. नव्या जागेत सगळं नवं, म्हणून साहेबांनी सांगितलं की जुन्या सामानातलं ज्याला जे हवं ते त्याने न्यावं. कुणी खुर्ची धरली, कुणी कपाट. मी दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे गेले आणि जिन्यातलं चित्र मागितलं. ते म्हणाले, अहो, ते तर कालच स्टोअरवाल्यांनी मागून घेतलं.

स्टोअरवाले म्हणजे आमच्या मालाच्या खोलीचे प्रमुख. कोलशेतचे, पिढ्यान् पिढ्या तिथलेच. गावात त्यांची स्वतःची चार मजली इमारत, दारात दोन गाड्या. घरी बसून कंटाळा येतो म्हणून नोकरी करतात, असं ते स्वतःच सांगत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं सगळं असताना यांना माझंच चित्र का हवं? मी हातातली रिकामी बाटली घेऊन तडक खाली गेले. ते कूलरपाशीच होते आणि चित्र भिंतीवरून काढून जुन्या चादरीत गुंडाळत होते.

मी त्यांना सांगितलं की हे चित्र माझं आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, कसं काय? आता काय सांगणार. मी म्हटलं, अकरा वर्षं मी रोज इथे थांबते. ते म्हणाले, मी एकवीस. मग मी जरा चिडूनच म्हटलं, तुम्ही कधी नीट बघितलंय तरी का? ती सुगी झाल्यावर भाताच्या राशींजवळ दमून उभी राहिलेली बाई आहे, तिच्यात किती काय आहे.

त्यांनी गुंडाळायचं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, पाणी भरलेल्या शेतात भाताची रास कोण घालतं?"

मी चित्राकडे बघितलं. खाचरांत पाणी होतं. बांधावर राशी होत्या. भात कापला की पाणी नसतं, हे शाळेत शिकलेल्या कुणालाही कळावं. अकरा वर्षं.

"ते मीठ आहे," ते म्हणाले. "मिठागर आहे हे. खाडीवरचं. आणि ती आईय माझी."

मी म्हटलं, तुमची आई कशी, तोंड तर दिसतच नाही. तेव्हा ते हसले आणि म्हणाले की म्हणूनच तर. लहानपणी ते बांधाच्या टोकाला बसून राहायचे आणि आई दिवसभर मिठागरात काम करायची. त्यांना ती कायम अशीच दिसायची, पाठमोरी. हातात मीठ ओढायची फळी. ती उभी आहे ती दमून नव्हे, पाण्यावर मीठ धरलं का ते बघतेय, म्हणाले. तेही कामच असतं.

माझा सगळा आवेश उतरला. ज्या बाईला मी अकरा वर्षं निवांत समजत होते, तीही कामावरच निघाली. तरी चित्र सोडवेना. आईचं म्हटल्यावर भांडताही येईना. मी नुसतीच रिकामी बाटली घेऊन उभी राहिले, तर डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा मला फार राग आला.

त्यांनीच तोड काढली. म्हणाले, आमच्याकडे गणपती पाळीने असतो, तीन भाऊ, एकेक वर्ष एकेकाकडे. तसं करू. आधी माझ्याकडे, आई थकलीय. दिवाळी झाली की तुम्ही न्या, गुढीपाडव्याला परत माझ्याकडे. मी लगेच हो म्हटलं. मग घरी जाऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, चित्राची पाळी? नवऱ्याने हे वाक्य पुढचे सहा महिने भेटेल त्याला सांगितलं.

दिवाळी झाली. मी फोन केला, तर ते हो हो म्हणाले, पण आवाज काही बरोबर वाटेना. एका रविवारी मी मुलीला घेऊन कोलशेतला गेले. हॉलमध्ये शिरल्याबरोबर कारण कळलं. भल्यामोठ्या टीव्हीच्या शेजारी ते चित्र लावलेलं, भोवती दिवाळीच्या दिव्यांची माळ अजून तशीच, आणि बरोबर समोर पलंगावर त्यांची आई. ऐंशीच्या पुढची, एवढीशी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. टीव्ही बंद होता आणि ती चित्राकडेच बघत होती.

स्टोअरवाले मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले की पाळीचं आईला सांगायचं राहून गेलंय. आई सकाळ-संध्याकाळ त्या चित्रातल्या बाईशीच बोलते, सुनेला सांगते की हिला पण चहा दे. मी आतून पार खचले. एवढ्या लांब येऊन रिकाम्या हाताने परत जायचं, हे मला दिसायला लागलं. मुलीने माझा हात दाबला.

चहा आला. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी आजींजवळ बसले आणि विचारलं की ती बाई तिथे उभी राहून काय करतेय. मागून मुलगा म्हणाला, मीठ धरलं का ते बघतेय ना, आई? आजींनी त्याच्याकडे असं बघितलं की पंचावन्न वर्षांचा माणूस गप्प बसला.

"तुला काय ठावं," त्या म्हणाल्या. "काय नाय करीत ती. नुसती हुबी हाय. मुकादम पल्याड गेला का आमी सगल्या अशाच हुब्या ऱ्हायचो. तेवराच जीवाला आराम."

मला हसू फुटलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. अकरा वर्षं मी मीठ ओळखलं नव्हतं, पण बाई ओळखली होती. मी आजींना सांगितलं की मी जिन्यात रोज दोन मिनिटं तिच्यासमोर अशीच उभी राहत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, तुझा मुकादम कोन? मी म्हटलं, खूप आहेत. त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

मग स्टोअरवाल्यांनीच धीर करून सगळं सांगून टाकलं, पाळीचं, पाडव्याचं. चांगल्या माणसाने अशा वेळी म्हणावं की राहू दे, आजी, तुमच्याकडेच असू दे. मी तसं म्हटलं नाही. खरं सांगते, मला ती हवी होती. आजी चित्राकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या की जाऊ दे तिला, पाडव्याला येईल ना परत. आणि सुनेला सांगितलं, करंडा आन, बाईमानूस घरातून असंच नाय जात.

मुलाने चित्र खाली उतरवून आईच्या मांडीवर ठेवलं. आजींनी बोटावर कुंकू घेतलं, काचेवर हात नेला आणि थांबल्या. समोर होता अंबाडा. कपाळ कुठेच नव्हतं. आम्ही सगळे बघत होतो, आता या काय करणार. आजींना मात्र अडचण अशी वाटलीच नाही. त्यांनी मुलाला चित्र उलटं करायला लावलं आणि मागच्या तपकिरी पुठ्ठ्यावर, बरोबर तिचं डोकं येईल तिथे, कुंकू लावलं. "तोंड हिकरं हाय ना तिचं," त्या म्हणाल्या. वर हळद लावली आणि दोन तांदूळ टाकले, ते पुठ्ठ्यावरून घरंगळून पलंगाखाली गेले.

आता ती ठाकुर्लीला आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी आहे. लावताना नवरा फडकं घेऊन आला होता, म्हणाला, मागचं कुंकू पुसतो, नाहीतर भिंतीला डाग पडेल. मी त्याला फडकं खाली ठेवायला लावलं. सासऱ्यांनी विचारलं, या तांदळाच्या राशी का? मी त्यांना खूप वेळ हसत राहिले आणि मग मिठागराचं सांगितलं. जेवणं झाली की मी कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभी राहते. परवा मुलगी मागून आली आणि तिने काही विचारलं नाही. थोडा वेळ तीही माझ्याशेजारी उभी राहिली.

पाडव्याला मी तिला परत नेऊन देणार आहे. नवऱ्याच्या फडक्याचं ऐकून आजींनी फोनवर निरोप दिलाय, भिंतीवर डाग पडला असेल तर तो तसाच ठेव, पुढच्या खेपेला तिला जागा सापडेल.