नव्या खोक्यातले बोल्ट

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

येरवड्यात एका गोदामाचा लोखंडी सांगाडा उभा राहत होता. साइट इंजिनिअर म्हणून माझं ते पहिलंच स्वतंत्र काम. गायकवाडमामा तिथले सगळ्यांत जुने फिटर. त्यांनी आवळलेला जोड मी कधी तपासायचेही नाही.

एका तुळईची पातळी चुकली. पूर्ण आवळलेले आठ बोल्ट काढावे लागले. हे हाय-स्ट्रेंग्थ बोल्ट आवळले की ताणले जातात — त्या ताणावरच जोड घट्ट राहतो. पण ताण हद्दीपलीकडे गेला, तर सोडल्यावरही बोल्ट मूळ लांबीला येत नाही. म्हणून ते पुन्हा वापरायचे नसतात. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. मामांनी तर एका बोल्टवर बोटांनी नट फिरवून दाखवला. ताणलेल्या आट्यांवर तो अर्ध्यावर अडला.

"मॅडम, हे गेले. नवे द्या."

जादा बोल्ट मागवायला मीच विसरले होते. नवे यायला चार दिवस लागणार, आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांची पाहणी. फोन करून एवढंच म्हणायचं होतं — सर, माझी चूक झाली. एवढंही का जमलं नाही?

मी ते आठही बोल्ट पुसले, तेल लावलं, एका नव्या खोक्यात ठेवले. सकाळी मामांच्या हातात दिले. नट फिरवताना ते थबकले.

"जड चाललाय जरा."

"नवा लॉट आहे मामा. झिंकचा थर जाड आहे."

"बरं. तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

पाचवा बोल्ट आवळताना तुटला. सगळा जोर पान्यावर होता — मामा मागे फेकले गेले. उंचावर होते; कमरेच्या सेफ्टी पट्ट्यानं खाली पडू दिलं नाही, पण पाठ खांबाच्या कडेवर आपटली. मणका गेला. त्यानंतर ते चालले नाहीत.

तुटका तुकडा मी उचलला. तुटल्या जागी आटे लांबलेले, बोल्ट बारीक झालेला. मी तो भंगारात टाकला. उरलेले सात आठवड्याभरात गुपचूप बदलून घेतले — म्हणजे अक्कल होती. चौकशीत विचारलं, बोल्ट नवे होते? हो, मी म्हणाले. फिटरकडून जास्त आवळला गेला असावा. असावा — हा शब्दसुद्धा मी जपून निवडला होता.

मग मी बिबवेवाडीला मामांच्या घरी गेले. का गेले? बघायला, की त्यांना काही कळलंय का हे पाहायला? मामा पलंगावर पडून होते.

"अहो मॅडम, तीस वर्षं पाना धरलाय. माझाच अंदाज कसा चुकला हो?"

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"होतं मामा कधी कधी," मी म्हणाले. आणि दिलेला चहा संपवला.

मामा गेल्या वर्षी गेले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी त्यांच्या पत्नी आल्यागेल्याला सांगत होत्या — कामाला चोख माणूस, पण एकदाच हात चुकला त्यांचा. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी होकारार्थी मान हलवली.