काचेवरचं पोट

लुगड्याची गाठ मी सोडली नाही. डॉक्टरने ओढली.

लोखंडी मेज. त्यावर मी उताणी. विलायतेतला दवाखाना, अंगात हुडहुडी, आणि पोटात अशी कळ की डोळ्यांपुढे अंधारी. आमची मडम हातमोजे घालून खिडकीजवळ उभी. डॉक्टरने माझ्या पोटावरचे भाजल्याचे डाग बघितले. एकेका डागावरून बोट फिरवलं. मडमला काहीतरी म्हणाला. दोघं हसले. मग त्याने दार उघडून हाक मारली आणि शिकाऊ पोरांचा घोळका आत आला. कुणी वाकून बघतंय, कुणी दाबून बघतंय. माझ्या तोंडाकडे कुणी बघेना. मग काळं फडकं घातलेली पेटी आणली. माझी चोळी वर सारली.

"हिलो मत, आया," मडम म्हणाली.

मी हलले नाही. मला वाटलं, हाही औषधाचाच प्रकार असेल. जळो मेलं ते भोळेपण!

मी तिथे पोचले कशी, तर जळगावला मेहरूणजवळ एका रेल्वेसाहेबाच्या बंगल्यात आया होते. नवरा गेलेला. साहेब मडमला आणि त्यांच्या लहानग्या बाबाला घेऊन विलायतेला निघाला, तेव्हा पोराला सांभाळायला मला बोटीवर घातलं. माझी स्वतःची पोर भडगावला आईजवळ. तिच्याकडे जिवंत परत जायचं, एवढंच डोक्यात. म्हणून तर डॉक्टरची आशा.

आणि खरं सांगते, गाठ ओढायच्या आधी घटकाभर मी सुखावले होते. आत गेल्या गेल्या त्या डॉक्टरने माझं मनगट धरलं. उघड्या हाताने. आम्ही भडगावच्या महारवाड्यातले. गावचा वैद्य आमच्या मनगटावर रेशमी फडकं टाकून वरून नाडी बघायचा, तीही मनात आलं तर. वाड्यात त्याचं पाऊल कधी पडलं नाही. मी लहान असताना माझं पोट फुगलं, तेव्हा आई त्याच्या अंगणाबाहेर धुळीत लोळली. तो ओट्यावरून म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा."

मग आईने विळा तापवला. माझ्या पोटावर डाग दिले. वैद्य नसला की आमच्याकडे हेच औषध. "माफ कर वं माय, माफ कर," म्हणत ती चटके देत होती आणि माझ्यापेक्षा जास्त रडत होती. मी वाचले. डागांनी का नशिबाने, कुणास ठाऊक.

तर त्या गोऱ्या हाताने मनगट धरलं आणि मला रडूच फुटलं. मनात म्हटलं, माय, हाऊ माणूससना देश शे! इथे माणसाला माणूस शिवतो. आणि लगेच गाठ ओढली. आगीतून निघाले ती फुफाट्यात पडले.

औषधाने कळ थांबली. खोटं कशाला बोलू? पण बाबाला आंघोळ घालताना, कपडे वाळत टाकताना माझ्या पोटावर बोटं फिरायची. आसपास कुणी नसायचं. मी पदर आवळून घ्यायची, तरी फिरायची.

मग कळ पुन्हा उठली. मडम पुन्हा घेऊन गेली. या वेळी त्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, माणसं बसलेली. भिंतीवर एक मोठा कागद. त्यावर बाईचं अंग. छाती उघडी, पोट उघडं, वर गळ्यापाशी कापलेलं. मुंडकं नाही. मला वाटलं, कुणी मेलेली बाई असेल. मग डाग दिसले. बेंबीच्या डाव्या अंगाचा डाग वाकडा होता. आईचा हात थरथरला होता, तिथला.

माझंच पोट ते.

"साडी उतारो," मडम म्हणाली.

मी गाठ मुठीत धरली. "नही."

"शरम मत करो. डॉक्टर फुकट देखता है."

"फुकट नहीं. उसने मेरा पेट रख लिया."

हे मी बोलले. साहेबाच्या घरात मान वर न केलेली मी! भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली होती. भिंतीवरचा कागद ओढून काढला, पदराखाली घेतला आणि चालू पडले. औषधाची बाटली तिथेच राहिली. घरी येऊन कागद शेगडीत घातला. राख होईस्तोवर बघत बसले. वाटलं, सुटले. कळ सोसत, दात चावत बोटीने परत आले. ती कळ अजून माझ्याबरोबर आहे.

पुढे जळगावातल्याच एका दवाखान्यात आया म्हणून लागले. पोरीचं लगीन लावलं, नातवंडं झाली, केस पिकले. आज सकाळी यावलकडची एक भिलीण खाटेवर आली. सातपुड्याच्या पायथ्याहून बैलगाडीत घालून आणलेली. पोटावर तसेच डाग. डॉक्टर आपला, धुळ्याचा. खादी घालतो, स्वराज्य आलंच म्हणतो. त्याने फोटोवाला बोलावला. तीच काळं फडकं घातलेली पेटी.

"अक्का, तिचं लुगडं जरा खाली कर," डॉक्टर मला म्हणाला.

मी फोटोवाल्याला विचारलं, "भाऊ, कागद जाळला म्हणजे फोटो गेला ना?"

तो हसला. "कागदाचं काय घेऊन बसलीस अक्का! खरी ती काच. ती जपून ठेवली की पाहिजे तेवढे कागद काढा."

काच.

ओ माय! इतकी वर्षं मी राखेवर भरवसा ठेवून जगले. इथे मी नातवंडं मांडीवर घेत होते, आणि तिकडे माझं पोट भिंतीला टांगून लोक बघत होते. आत्ताही बघत असतील. मी मेले तरी बघतील.

"अक्का, ऐकू येत नाही का?"

"पहिले तिले इचारा."

"तिला काय कळतंय!"

"मालेबी नव्हतं कळत."

मी खाटेवर जाऊन बसले. त्या बाईच्या पुढे, पेटीच्या तोंडासमोर. मागून तिने माझा पदर धरला. घट्ट. म्हणजे तिला कळत होतं, सगळं, बठ्ठं कळत होतं.

"काढायचाच असेल तर माझा काढा," मी म्हटलं. "तोंडासकट."

फोटोवाल्याने पेटी मिटली. डॉक्टर लालेलाल. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाला.

मी येणार. दारातून हाकललं तर दारात बसणार. विलायतेतली ती काच फोडायला माझा हात पुरत नाही, ते दुःख माझ्याबरोबर मातीत जाईल. पण इथे, माझ्या डोळ्यांदेखत, कुणा बाईचं मुंडकं कापून तिचं पोट भिंतीला लावू देणार नाही. आधी मला या खाटेवरून उचला.