हौदाचं पाणी आणि बाईंचा माठ

मिशनच्या शाळेतल्या बाईंनी मला त्यांच्या माठातलं पाणी पाजलं, हे आधी सांगतो. लढाईच्या दिवसांत शाळा अर्धवट सोडून मी खानदेशातून नगरच्या लष्करी कॅम्पात रस्त्याच्या कामाला आलो होतो. तिथल्या हौदावर इंग्रजी पाटी होती. साहेबाच्या ग्रामोफोनवर 'पोर्टेबल' शब्द पाहिलेला; पाटीवरही 'नॉट'च्या पुढे मला तोच दिसला. मी टोळीला सांगितलं, इथलं पाणी भरून न्यायला मनाई आहे. मग आम्ही सगळे तिथंच ओंजळीनं प्यायचो. पाण्याला घाण वास यायचा, पण साहेब एवढं जपतो म्हणजे चांगलंच असणार!

पोटात मुरडा आला तसा घाबरून हौदासमोरच्या शाळेच्या पायरीवर बसलो. बाईंनी विचारपूस केली, तेव्हा मी पाटीचं सांगितलं.

"अरे बाळा, पोर्टेबल म्हणजे उचलून नेता येणारं. पाटीवर 'नॉट पोटेबल' आहे. पोटेबल म्हणजे पिण्याजोगं. हे पाणी पिऊ नका, असं लिहिलंय. खेचरं धुतात त्यात!"

मी तिथंच ओकलो. बाईंनी तांब्या पुढे केला.

"किरिस्तावाच्या हातचं पितो व्हय रं? बाटशील की!" टोळीतला एक जण ओरडला. बाईंचं बोलणं त्यानंही ऐकलं होतं. तरी हातानं लीद बाजूला सारून तो हौदातलंच पाणी प्याला.

ओकारीपेक्षा त्याची किळस जास्त आली. मी तांब्या रिकामा केला.

बाई, एक दिवस तुमच्या दारात गोड्या पाण्याचा आड खणून देईन.