गार्डच्या मागे कोणी नसतं

माझे वडील बळवंत गजभिये रेल्वेत गार्ड होते. शेवटी शेवटी त्या हुद्द्याचं नाव 'ट्रेन मॅनेजर' झालं, पण ते ऐकलं की बाबा नाक मुरडायचे. "मॅनेजर बँकेत असते. मी गार्ड आहो," म्हणायचे. नागपूरहून जयपूरला बदली झाली तेव्हा मी चार वर्षांची होते. शास्त्री नगरात मी आणि माझा भाऊ नीरज हिंदीत भांडत वाढलो. बाबांची नागपुरी बोली मात्र तसूभर हलली नाही.

गार्ड म्हणजे गाडीतला शेवटचा माणूस. वळण आलं की डोकं बाहेर काढून पुढचे सगळे डबे बघायचे, हिरवी झेंडी दाखवायची, पुढून ड्रायव्हरनं दाखवली की सगळं ठीक. मागे बघायचं कारण नाही, मागे नुसते रूळ. एकतीस वर्षं हे केल्यावर माणसाची मान मागे वळायचीच बंद होते. बाजारात, लग्नात, जिन्यात बाबा कायम सगळ्यांच्या मागे आणि नजर पुढे. घरी खिडकीपाशी रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि पाठीमागे स्वयंपाकघरात असलेल्या आईशी तास तास बोलायचे. आई "हूं" म्हणायची. आई, म्हणजे सुलोचनाबाई, काय करत्येय, रडत्येय की हसत्येय, हे त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. मला याचा लहानपणापासून राग आहे, आणि तो मी इथे लपवणार नाही.

बाबा रिटायर झाल्यावर नीरजनं त्या दोघांना आणि मला मलेशियातल्या एका जंगलात पाठवलं. जाहिरातीत लिहिलं होतं, हे जंगल तेरा कोटी वर्षं जुनं आहे. बाबांनी बॅगेत हिरवी झेंडी टाकली. सरकारी झेंडी घरी कशी आली, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

जयपूरच्या माणसाला ते जंगल झेपत नाही. आमच्याकडे झाड दिसलं तर त्याच्या पलीकडचं घरही दिसतं. तिथे झाडामागे झाड, वर आभाळ नाही, भर सकाळी संध्याकाळ. पानं आपापली हलत होती, वारा नसताना. आमचा गाईड मध्यमवयीन, कमी बोलणारा माणूस होता. निघताना त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या. वाट सोडू नका, आणि आपल्या माणसाचा चेहरा दिसल्याशिवाय तो आपलाच आहे असं समजू नका. मी बाबांना मराठीत सांगितलं, तर ते हसले. "आपण बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. आपल्याले भूत सांगते काय हा!"

चालायचा क्रम असा होता: पुढे गाईड, मग दोन डच म्हाताऱ्या, मी, आई आणि शेवटी बाबा. वळण आलं की गाईड हात वर करायचा आणि बाबा मागून झेंडी हलवायचे. डच म्हाताऱ्यांना फार मजा वाटली.

तासाभरानं एक प्रचंड झाड लागलं. त्याची मुळं माझ्या डोक्याइतकी उंच, भिंतींसारखी पसरलेली. तिथे आईच्या बुटात जळू शिरली. "तुम्ही चला, मी आलीच," असं ती बाबांना म्हणाली आणि मुळाशी टेकली. बाबा तिला ओलांडून चार पावलं पुढे आले आणि रेंगाळले. मग त्यांना मागे पावलं ऐकू आली, म्हणून ते चालू लागले. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. मला तेव्हा एवढंच कळलं की बाबा माझ्या अगदी पाठीशी आलेत आणि बोलतायत. मुक्कामाच्या जागेपर्यंत पाऊण तास बोलत होते. पेन्शनबद्दल, नीरजच्या लग्नाबद्दल, टाकीच्या गळक्या नळाबद्दल. मधे मधे मागून "हूं" ऐकू येत होतं. ते मीही ऐकलं. प्रत्येक वळणावर बाबांनी झेंडी हलवली, सगळं ठीक. मधे पावसाची एक जोरदार सर येऊन गेली.

मुक्कामाला पोचल्यावर गाईडनं माणसं मोजली आणि पुन्हा मोजली. मग बाबांकडे बघून त्यानं विचारलं, "युवर वाईफ?"

बाबा वळले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच असे पूर्ण वळले. मागे ओली वाट होती आणि वाटेवर कोणी नव्हतं.

झाडाकडे परत जाताना बाबा पळत होते. साठ वर्षांचा माणूस चिखलात आपटत होता, उठत होता, "सुलोचना, सुलोचना" ओरडत होता. आई त्याच झाडाच्या मुळाशी बसलेली होती. पायात बूट नव्हता, पाय पुढे पसरलेला. सगळं जंगल पावसानं निथळत होतं, पण आई कोरडी होती. तिच्या शेजारी मुळावर आणखी एका माणसाला पुरेल एवढी जागाही कोरडी होती.

तिनं बाबांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा गोंधळला. "एवढे कसे भिजले? आत्ता त इथंच होते."

गाईडनं त्या कोरड्या जागेकडे पाहिलं आणि आम्हाला घाईघाईनं तिथून काढलं.

जयपूरला आलो तेव्हा जून होता. इथे धुतलेला टॉवेल दहा मिनिटांत कडक होतो. गच्चीत ठेवलेले आईचे बूट मात्र तीन आठवडे ओले राहिले. मी शेवटी ते कचऱ्याच्या गाडीत टाकायला निघाले, तर आईनं हातातून काढून घेतले.

त्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं मला सांगितलं. "तुहे बाबा पुढं गेले, मले वाटलं आता गेलेच. मंग ते परत आले. जवळ बसले. माझा पाय मांडीवर घेतला आन् जळू काढली. काही बोलले नाही. नुसते माझ्याकडं पाहत बसले." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "एवढ्या वर्षांत तुह्या बापानं माझ्याकडं असं पाह्यलं काय कधी?"

"आई, ते बाबा नव्हते."

"मले मालूम आहे न," ती शांतपणे म्हणाली. "नीरजले सांग, मले परत जायचं आहे. एकच तिकीट काढ म्हणा."

मी बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं, असं अजून वाटतं. बाबा बराच वेळ झेंडीची घडी घालत बसले. रेल्वेत प्रत्येक स्टेशन शेवटच्या डब्याची खूण बघतं. ती दिसली तरच गाडी पूर्ण आली असं मानतात, नाहीतर काही डबे मागेच सुटलेले असू शकतात.

"उत्कर्षा," ते म्हणाले, "तुही आई पूर्ण आली न?"

बाबा रडले. मला त्यांची दया आली आणि रागही आला, की हे विचारायला या माणसाला एवढी वर्षं लागली.

त्या दिवसापासून बाबा बदलले. खुर्ची स्वयंपाकघराकडे तोंड करून ठेवली. आईच्या पायाला तेल लावू लागले. आई लावू देते. तिकिटाचा विषय तिनं पुन्हा काढलेला नाही, पण पासपोर्ट उशीखाली ठेवते. संध्याकाळी दोघं फिरायला जातात, आणि आता बाबा मुद्दाम पुढे चालतात, म्हणजे थांबता येतं. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून ते मागे वळतात, आई दिसेपर्यंत उभे राहतात आणि हात वर करतात. आईही हात वर करते. गल्लीतले लोक कौतुकानं म्हणतात, "देखो, गजभियेजी रिटायर होकर सुधर गए."

काल मी गच्चीतून पाहत होते. बाबा दूधवाल्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावर थांबले, वळले, हात वर केला. आईनंही हात वर केला, पण तो बाबांच्या दिशेनं नव्हता. त्यांच्या डावीकडे एका पावलावर जी रिकामी जागा होती, तिकडे होता. बाबांनाही ते दिसलं असावं. ते एक पाऊल डावीकडे सरकले आणि बरोबर त्या जागेवर उभे राहिले.

आई थोडा वेळ पाहत राहिली. मग तिचा हात हळूच आणखी डावीकडे वळला.

घरी आल्यावर मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "आई, तू बाबांनाच हात करतेस ना?"

"हूं," ती म्हणाली.