जाऊबाईंची विहीर आणि आमची जीन्स

पेठच्या अलीकडे, नाशिक रस्त्यापासून थोडं आत, ओढ्याकाठी आमची लाँड्री होती. लाँड्री म्हटलं की लोकांना इस्त्रीचं दुकान वाटायचं. आमच्याकडे शिवून आलेल्या, पुठ्ठ्यासारख्या ताठ जीन्स यायच्या आणि मोठ्या ड्रममध्ये सच्छिद्र दगड घालून आम्ही त्या घोळायचो, म्हणजे त्या वापरलेल्या दिसाव्यात. सासूबाईंना हा धंदा शेवटपर्यंत पटला नाही. "एक उन्हाळा शेतात घाला म्हणावं, फुकट जुन्या व्हतील," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

आमचे हे मुंबईकडे असल्याच लाँड्रीत काम शिकून आले होते. वाटणीत ओढ्याचा वरचा तुकडा आमच्याकडे आला, विहिरीसकट खालचा थोरल्या दिरांकडे. दीर गेल्यावर जाऊबाईच ते शेत बघत. घर, म्हशी, पोरं, सगळं त्या एका विहिरीवर. आणि आमच्या ड्रमचं निळं पाणी, झिजलेल्या दगडांच्या राडीसकट, ओढ्यात जायचं आणि विहिरीला टेकून पुढं वाहायचं.

दोन-तीन वर्षांतच विहिरीच्या पाण्यावर निळसर झाक दिसायला लागली. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, पोरांच्या सदऱ्यांना नीळ घालायला नको." मी हसले, त्या हसल्या नाहीत. त्यानंतर रस्त्याकडच्या हातपंपावरून त्या हंडे भरून आणू लागल्या, म्हशीही तिकडंच न्यायच्या. गावातली दोन माणसं त्यांना ग्रामसभेत तक्रार करा म्हणून सांगून गेली. "घरातलं चावडीवर कशाला?" म्हणून त्यांनी वाटेला लावलं. त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही, पण अबोल्यापुढं माझं काही चालत नाही. ती विहीर नितळ झाल्याशिवाय आमच्या धंद्यात राम नाही, हे मला कळून चुकलं होतं. मी ह्यांच्या मागं भुणभुण लावली.

त्याच सुमारास लाँड्रीची औषधं विकायला येणाऱ्या माणसानं एन्झाइमची पावडर आणली; दगडांऐवजी हीच जीन्सचा रंग उतरवते म्हणे. दगड बंद, राड बंद, कापडही कमी फाटतं, असं त्याचं म्हणणं. समजावताना तो म्हणाला, "हे जिवंत असल्यासारखंच धरा. कोमट पाण्यात काम करतं, कढत पाण्यात मरतं."

आता शेतकऱ्याच्या घरात हे सांगायचं? जिवंत आहे आणि कोमट लागतं, म्हणजे ते दह्याचंच भावंड, हे ह्यांनी तिथंच ठरवलं. जीन्सचा पहिला घाणा ड्रममधून निघाल्यावर त्यातलं पाणी बादलीभर काढून ठेवलं, वर झाकण, भोवती गोणपाट. सासूबाईंनी बादली चुलीजवळ सरकवली. सकाळी नवी पावडर न घालता तेच विरजण ड्रममध्ये ओतलं. जीन्स होत्या तशाच ताठ आणि काळ्यानिळ्या राहिल्या, पण आतले पांढरे खिसे मात्र निळे झाले. औषधवाला आला, बादली बघून कठड्यावर बसून राहिला. "भाऊ, हे वाढत न्हाई हो," म्हणाला, "उतरलेला रंग तेवढा तुमी जपून ठेवलात." पुढचे आठ दिवस घरात दही लावायचं म्हटलं तरी आमचे हे उठून जायचे.

पण त्या बादलीनं एक काम केलं. वापरलेलं पाणी टाकायच्या आधी त्याच्याकडं बघायची आम्हाला सवय लागली. शेवटच्या धुण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं. ते पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला चालतं, हे आम्ही हळूहळू करून बघितलं. ब्लीच कमी केलं. राड खाली बसावी म्हणून ओळीनं हौद बांधले, आणि जे थोडं पाणी उरायचं तेही ओढ्यात न सोडता उथळ हौदात उन्हानं आटवायला ठेवलं. शहाणपण नव्हतं, धडपड होती. पण ओढा आधी फिका झाला, मग नुसता ओढ्यासारखा दिसायला लागला.

विहीर काही आपोआप सुधारेना. मग एका उन्हाळ्यात हे न बोलावता इंजिन घेऊन गेले आणि त्यांनी विहीर उपसली. तळाचा गाळ निळा होता. टोपल्या वर ओढताना मला इतकी लाज वाटली की जाऊबाईंकडं बघवेना. त्या काठावर बसून होत्या. पुढच्या पावसाळ्यानंतर विहीर पुन्हा एकदा उपसली. या खेपेला गाळ साध्या मातीच्या रंगाचा निघाला.

झरे भरून आल्यावर एका सकाळी जाऊबाईंनी मला हाक मारली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं. त्यांनी कळशी शेंदली आणि माझ्यासमोर धरली. "पी."

मी ओंजळ केली. पाणी गार होतं, किंचित मातकट. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"गोड हाय, बाई," मी म्हणाले. "म्हशींना आणू का?"

"म्हशींना आज न्हाई पाजायचं," त्या म्हणाल्या. "आधी दोन दिस आपल्याला काय व्हतंय का बघू."

आणि कळशी उचलून उरलेलं पाणी त्या स्वतः प्यायल्या.